तसबिरीतले हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, ऑफिसात समोरच्या टेबलावर पंधरा वर्षं बसलेल्या मैत्रिणीलाही नाही. एरवी माझ्याकडे गोष्टी पडून राहत नाहीत. पर्समध्ये कायम एक छोटी वही असते — डावीकडे चौकोन, उजवीकडे काम. गॅस नोंदवणे. सासूबाईंच्या गोळ्या. वेतन पथकात पगारबिल देणे. काम झालं की चौकोनात बरोबरची खूण, राहिलं तर दुसऱ्या दिवसाच्या पानावर. मग ही एक गोष्ट इतकी वर्षं कुठल्याच पानावर कशी आली नाही? वही माझी, पेन माझं. दुसरं कोण लिहिणार होतं?

दोन महिन्यांपूर्वी आमच्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या ग्रुपवर वर्तमानपत्राचं एक कात्रण टाकलं. मुंबईत जुन्या चित्रांचा लिलाव होणार होता. त्यात एका थोर शास्त्रज्ञाचं, शंभर वर्षांपूर्वीचं, जलरंगातलं चित्र होतं. चौकटीच्या पाठीमागे आमच्या शाळेचा शिक्का होता, म्हणून बातमीत सोलापूरचं नाव. ग्रुपवर धडाधड अंगठे यायला लागले, अभिनंदन, अभिमान वगैरे. अभिमान कशाचा? नव्या इमारतीत जाताना ते चित्र आम्हीच मोडक्या बाकांबरोबर भंगारात काढलं होतं. पण ते कुणी बोललं नाही. मीही एक अंगठा टाकला.

शास्त्रज्ञांचं नाव मी लिहीत नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांचा फोटो असतो, एवढं पुरे. नाव लिहिलं की तुम्ही त्यांचाच विचार करत बसाल, आणि मला दुसऱ्या एका माणसाबद्दल बोलायचं आहे.

लिलाववाल्यांच्या वेबसाइटवर चित्र मोठं करून पाहता येत होतं. मी पाहिलं. एकदा नाही — रोज, मधल्या सुट्टीत, डबा बाजूला सारून. शास्त्रज्ञ खुर्चीत बसलेत, काळा कोट, हातात काचेची बारीक नळी, नजर त्या नळीवर. आणि मला त्या दिवसांत पहिल्यांदाच कळलं की ती काच काढायला रंग लावलेलाच नाही. कागद तसाच कोरा सोडलाय आणि दोन्ही बाजूंनी करड्या रंगाची केसाएवढी रेघ. बस, एवढंच — आणि काच दिसते! हे चित्र आमच्या प्रयोगशाळेत होतं तेव्हा मी त्याच्यासमोरून हजार वेळा गेले असेन. तेव्हा हे का दिसलं नाही? आणि ज्याने काढलं त्याला कोणी सांगितलं असेल, की काच दाखवायची तर तिथे काही करायचं नसतं?

चित्राखाली तज्ज्ञांची टीप होती. चित्रकार अज्ञात, बहुधा मुंबईच्या कलाशाळेत शिकलेला. रंगाखाली पेन्सिलीच्या बारीक चौकटी दिसतात, त्यावरून शिस्तीचं शिक्षण जाणवतं. हात मात्र कोड्यात टाकणारे — नळी अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत, बाकीची बोटं आत मुडपलेली. शास्त्रज्ञांच्या कुठल्याच फोटोत त्यांचे हात असे नाहीत. चित्रकाराने त्यांना प्रयोग करताना प्रत्यक्ष पाहिलं असेल काय?

वाचून मला हसू आलं. 

कारण त्या चौकटी कलाशाळेतल्या नाहीत. चादरीवर मोर किंवा फुलं यायची असतील, तर आमच्याकडे डिझाइन मास्तर ती आधी चौकटीच्या कागदावर काढतो. एक चौकट म्हणजे एक दोरा. छोटं चित्र मोठं करायचं तरी तीच रीत. सोलापुरात निम्म्या गावाला हे माहीत असतं. आणि हात — ते कुणाचे, हे मला चोवीस वर्षांपासून माहीत आहे.

मला ते सांगितलं नरसय्या मामांनी. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले परिचर. शाळेत शिपायांना आणि परिचरांना सगळेच मामा म्हणतात. पूर्व भागातल्या विणकर घरातले, घरी तेलुगू, आमच्याशी त्यांची खास मराठी. परीक्षानळ्या धुतल्या की प्रत्येक नळी खिडकीच्या उजेडात धरून बघायचे आणि मग स्टँडला लावायचे. एकदा मी म्हटलं, मामा, एवढं कोण बघतंय? तर म्हणाले, "मी बगतो की."

तेव्हा मला शाळेत कारकुनाची नोकरी लागून दोनच वर्षं झाली होती. शाळेचा अमृतमहोत्सव होता. जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं, प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लावायची, असं ठरलं. अक्षर चांगलं आणि याद्या करायची हौस, म्हणून चिठ्ठ्यांचं काम माझ्याकडे. एका सकाळी मामा माझ्या टेबलापाशी आले.

"बाई, त्या लॅबमदल्या तसबिरीखाली माज्या ताताचं नाव लिवा की."

"तात म्हणजे?"

"आज्जा ओ. बापाचा बाप. लक्ष्मय्या. मिलमदी डिझाइन मास्तर हुता. त्योच काडलाय ती."

मला गंमत वाटली. मी विचारलं, त्यांनी एवढ्या मोठ्या माणसाला पाहिलं तरी कुठे?

"कुटं बगनार? तोंड छापलेल्या फोटूवरनं काडला. पर फोटूत हातच न्हवते की! मग अव्वाला बशिवला समोर. तिच्या हातात उदबत्ती दिला धरायला." मामा हसायला लागले. "येवडा मोटा सायन्सवाला, आन हात बगा जावा — कांड्या भरनाऱ्या बाईचे!"

अव्वा म्हणजे आजी. आणि कांड्या भरणं म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळीवर सूत गुंडाळणं. दिवसभर धागा अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून सरकत असतो, बाकीची बोटं आपोआप मुडपली जातात. मी तेव्हाच्या तेव्हा प्रयोगशाळेत जाऊन पाहिलं. खरंच की! त्या नळीच्या जागी उदबत्ती ठेवून बघा — मोठा शास्त्रज्ञ गेला आणि नवऱ्याने बस म्हटलं म्हणून बसलेली, हात अवघडलेली एक तरुण बाई समोर आली. किती वेळ बसवलं असेल तिला? उदबत्ती पेटवलेली होती का? स्वयंपाक राहिला म्हणून ती कुरकुरली असेल का? मला तेव्हा हे सगळे प्रश्न पडले. हे सांगते कारण, मामांवर माझा विश्वास बसला नव्हता असं कुणाला वाटायला नको. बसला होता. त्याच क्षणी.

पण मामा आधी मुख्याध्यापकांकडे जाऊन आले होते. त्या वेळचे सर शिस्तीचे. त्यांनी सांगितलं, जुन्या डेडस्टॉक रजिस्टरात तशी नोंद असेल तर जरूर लिहा, पण पान मला दाखवा. मामांनी मला तोच निरोप दिला. मी सवयीने म्हणाले, "बघून सांगते."

आणि म्हणता म्हणताच मला आठवलं.

आता इथे उठून चहा टाकावासा वाटतोय. नको. सांगूनच टाकते.

डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे शाळेतल्या टिकाऊ वस्तूंची वही. खुर्ची, घंटा, हाडांचा सांगाडा, सगळं त्यात. मी लागले त्या वर्षी जुन्या रजिस्टराला वाळवी लागली होती. सरांनी मला ते नव्या छापील रजिस्टरात उतरवून काढायला सांगितलं, आणि जुनं फडक्यात बांधून कपाटात ठेवायला. अकरा दिवस मी ते उतरवत होते. नव्या रजिस्टराला सहा रकाने होते. जुन्याला रकाने नव्हतेच, आधीचे कारकून टाकाने सलग लिहीत गेलेले. एका पानावर असं होतं — तसबीर जलरंगी, शास्त्रज्ञाची, नग एक, काढणार लक्ष्मय्या डिझाइनवाले, शाळेस भेट.

ही ओळ मला आठवते, कारण मी तिथे थांबले होते. वस्तूचं नाव या रकान्यात 'तसबीर' गेलं. नग एक गेला. 'काढणार' कुठे घालायचं? काढणाराला रकानाच नव्हता. शेवटी शेरा म्हणून एक रकाना होता, तिथे घालता आलं असतं. पण शेऱ्यात मी लिहिलं, चौकटीचा एक कोपरा सुटलेला. दोन्ही मावलं असतं का? मावलं असतं. नंतर एकदा मी पट्टी लावून पाहिलं.

आणि जुनं रजिस्टर मी ठेवलं नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी कपाट आवरताना त्यातून भुकटी पडत होती, मला तसली घाण सहन होत नाही. जुन्या उत्तरपत्रिकांबरोबर ते रद्दीत गेलं. ते कायम जपायचं दप्तर असतं, मंजुरीशिवाय पानही फाडायचं नसतं, हे मला माहीत होतं? होतं. मला वाटलं, एवढं सुरेख नवं तयार केलंय, आता जुनं कोण मागणार?

मामांनी मागितलं.

मी सरांकडे जाऊन सांगू शकत होते — रजिस्टर माझ्या हातून गेलं, पण ओळ मी वाचली आहे, नाव बरोबर आहे. काय झालं असतं? खुलासा द्यावा लागला असता. माझ्या नेमणुकीची कायम मान्यता यायची होती, ती कदाचित लांबली असती. पण तेही खरं कारण नाही. आदल्याच आठवड्यात सर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले होते, बाईंच्या यादीत चूक सापडली तर मला आणून दाखवा. ते वाक्य मला फार आवडलं होतं. ते मला सोडवेना.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, आणि मामांनाही — पाहिलं, तसं काही लिहिलेलं नाही.

सरांनी मान हलवली. पान बघायला मागितलंच नाही. त्यांच्यासमोर उभी राहून मी वाट बघत होते की ते म्हणतील, आणा बघू. त्यांनी पुढचा विषय काढला. मामा म्हणाले, "आसं व्हय. उगं तरास दिलो बाई तुमाला." आणि चिठ्ठीवर मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं — चित्रकार अज्ञात.

त्यानंतर मामा बारा वर्षं त्याच प्रयोगशाळेत होते. त्या चित्रावरची धूळ तेच पुसायचे. आमच्यात कधी वाकडं आलं नाही. उलट काही तपासायचं असलं की ते इतरांना सांगायचे, बाईंना इचारा, बाईंचं पक्कं असतंय.

ते निवृत्त झाले आणि पुढे नव्या इमारतीत जायची वेळ आली तेव्हा भंगाराची यादी मीच केली. 'तसबीर, जीर्ण' हे मी त्यात मुद्दाम घातलं का?  ते चित्र गेल्यावर प्रयोगशाळेत पाऊल टाकणं सोपं झालं, एवढं मात्र माहीत आहे.

तर दोन महिन्यांपूर्वी ते परत आलं, आणि लिलाववाल्यांचं शाळेला पत्रही आलं. चित्रकाराबद्दल काही माहिती आहे का? लिलावाला अजून अवधी आहे, नाव मिळालं तर छापू. मुख्याध्यापकांनी ते माझ्याकडे पाठवलं. मी दहा मिनिटांत उत्तर टाइप केलं. कार्यालयीन नोंदीनुसार चित्रकाराची माहिती उपलब्ध नाही. वाक्यात एकही चूक नव्हती. नोंदी कुणी केल्या, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. "बाई, येकदा घराकडं या की. काम हाय."

मामा आता कुंभारीला राहतात, कामगारांच्या वसाहतीत. रविवारी मी स्कूटीवरून निघाले. सांगायचंच, असं ठरवून निघाले होते. पहिलं वाक्यही तयार होतं — मामा, माझ्या हातून एक चूक झाली. अक्कलकोट रोडला दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

मामा दारातच खुर्ची टाकून बसले होते. सत्तरी ओलांडलेली, डोळ्याला जाड भिंग. त्यांची बायको आत सूप मांडीवर घेऊन विडीची पानं कापत होती. मला बघून म्हणाली, "या बाई. बरं झालं आलाव. आट दिस झालं ह्येंचं डोस्कं ठिकानावर न्हाय. मोबाइलवर त्यो फोटू उगडतेत, माज्या नाकापुडं धरतेत आन म्हनतेत, अव्वाची करंगळी बग! मी काय बगितलेय का अव्वाची करंगळी?"

"तू पानं काप," मामा म्हणाले. मग मला म्हणाले, "ह्ये बगा."

एक पत्र होतं. त्यांच्या नातीने लिहिलेलं, कॉलेजात आहे ती. स्वच्छ मराठीत, लिलाववाल्यांच्या नावे. हे चित्र माझ्या आजोबांच्या आजोबांनी काढलं आहे, हात त्यांच्या पत्नीचे आहेत, कृपया त्यांचं नाव लिहावं. त्या चौकटींबद्दलही तिने लिहिलं होतं. उदबत्तीबद्दलही.

"पोरगी म्हनतीय, पाटवून देऊ. मी म्हनलो, न्हाय. आदी बाईंना इचारायचं. त्या सोता पुस्तक बगितल्यात. उगं न्हाई ते लिवायचं आन मुंबईवाल्यांनी हसायचं." मग त्यांनी पत्राची घडी सरळ केली. "त्या टायमाला बापाला सांगितलो मी, पुस्तकात न्हाय म्हनून. खाटंवर हुता त्यो. नाव लिवलं की त्याला रिक्षात घालून आननार हुतो दाकवाया. मला राग आलता. म्हनलो, आमाला लान्हपनापासनं खोटं कशाला सांगत हुता? त्यो मरस्तोवर परत ताताचा विषय काडला न्हाय बगा."

हे मला माहीत नव्हतं. चोवीस वर्षं मला वाटत होतं, माझ्या खोट्याने काय झालं — एक चिठ्ठी चुकली. मला कधी हे कुतूहलही वाटलं नव्हतं की मामा त्या दिवशी घरी गेल्यावर काय म्हणाले असतील. काच कशी काढली याचं कुतूहल वाटलं, उदबत्ती पेटलेली होती का याचं वाटलं. याचं नाही.

मामांनी पत्र माझ्यासमोर धरलं होतं. म्हणाले, "पुस्तकात खरंच न्हवतं का ओ बाई?"

मी म्हणाले, "नव्हतं."

का? तो खुलासा, ती मान्यता, ते सर — काहीच उरलेलं नव्हतं. सर वारले. जुनं रजिस्टर आज कुणी विचारणार नाही. मला कसलीही भीती नव्हती. समोर एक म्हातारा माणूस होता, त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता, आणि मी त्याच्या नजरेला नजर देऊन तो शब्द उच्चारला. चोवीस वर्षांपूर्वी एक रात्र विचार केला होता. या वेळी क्षणभरही लागला नाही.

मामांनी मान हलवली. पत्र उभं फाडलं, मग आडवं. बायको आतून म्हणाली, "अवो, येका बाजूनं कोरा हुता की त्यो कागद, कशाला फाडलाव?" मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आणि मला म्हणाले, "बरं झालं बाई तुमाला इचारलो. न्हाईतर लाज गेली असती."

लिलाव ठरल्या दिवशी झाला. चित्र कुणी घेतलं मला माहीत नाही. चित्रकार अज्ञात, असंच छापलं होतं.

ते चित्र लक्ष्मय्या डिझाइन मास्तरांनी काढलं. जुन्या रजिस्टरात त्यांचं नाव होतं. मी ते वाचलं होतं. हात त्यांच्या बायकोचे आहेत — तिचं नाव काय, हे मी इतक्या वर्षांत विचारलेलंही नाही.

मामांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, नात त्यांना वर्तमानपत्र आणि मासिकं वाचून दाखवते. हे छापून आलं की हेही वाचून दाखवेल. तेव्हा मी तिथे नसेन.